शास्त्रीयवाल्यांनो, खरं सांगा: एकटे असताना काय ऐकता?

खर्जातला_सा (धागाकर्ता)

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाचा तिसरा दिवस, दहाच्या ठोक्याला माईक बंद, मुकुंदनगरातून बाहेर पडून रिक्षा मिळेपर्यंत पावणेअकरा. बरोबर आमच्या बैठकीतले एक काका होते, वय पंच्याऐंशी, किराणा घराण्याचे कट्टर, म्हणजे इतके कट्टर की दुसऱ्या घराण्याचा गवई स्टेजवर आला की यांना नेमकी बटाटेवड्याची आठवण होते. शेवटचा बागेश्री कानात होता त्यामुळे दोघंही गप्प, थंडी मरणाची, काकांनी मफलर कानावरून गुंडाळलेला.

स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षावाल्याने मागचे दोन स्पीकर चालू केले. 'आशिकी'तलं 'नजर के सामने'. कुमार सानू. मी मनात म्हटलं झालं, आता काका त्या बिचाऱ्याला 'अहो, ते आधी बंद करा' म्हणून झापणार. काका काहीच बोलले नाहीत. दांडेकर पूल गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी बोटं मांडीवर चालू आहेत, आणि थांबवावीत की नको असा विचार करत सहज शेजारी बघितलं तर मफलरच्या आत काकांचे ओठ हलत होते. मुखडा नाही हो, मुखडा तर कुणालाही येतो. अंतरा! दुसरा अंतरा!!

नळस्टॉपला आमची नजरानजर झाली. कोथरूडला उतरताना काका म्हणाले, "बागेश्री बरा झाला." मी म्हटलं, "हो, बरा झाला."

तर तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे. आपण सगळे इथे गंधार कुणाचा किती उतरलेला यावर दोनदोनशे प्रतिसाद कुटणारी माणसं. आज जरा उलटं करू. जे गाणं तुम्ही चारचौघांत कधीच लावणार नाही, पण एकटे असताना आवाज वाढवता, ते सांगा. सुरुवात माझ्यापासून: कुमार सानू, १९९० ते ९५, सगळा. नदीम-श्रवणचा तो ठरलेला ढोलकचा ठेका, मध्ये व्हायोलिनांचा लोंढा, सगळं प्रत्येक गाण्यात तेच आणि तरीही.

नियम एकच. राग सांगून सुटका करून घ्यायची नाही. "अहो ते मूळ पिलू आहे" वगैरे म्हटलंत की प्रतिसाद बाद.

---

जोडराग_नको

पैला नंबर! हिमेश.

हो हिमेश. टोपीवाला. २००५ ला 'आशिक बनाया आपने' आलं तेव्हा मी सांगलीला इंजिनिअरिंगला होतो, आठवड्यातून दोनदा एका गुरुजींकडे शिकायला जायचो, पाच महिने नुसता यमन, त्यातही तीन महिने आलाप. होस्टेलवर आलो की प्रत्येक खोलीतून तेच नाकातलं 'आशिक बनायाऽऽ'. मी मोठमोठ्याने नावं ठेवायचो, हे काय गाणं आहे का, आवाज छातीतून आला पाहिजे वगैरे, आणि रात्री कानात इअरफोन घालून तेच. पुढच्या वर्षी त्याला त्याच गाण्यासाठी गायनाचं फिल्मफेअर मिळालं तेव्हा मी मेसमध्ये या देशाचं कसं होणार यावर भाषण ठोकलं होतं आणि आतून असा आनंद झाला होता की काय सांगू.

आज चाळिशी आली. अजूनही गाडीत एकटा असलो की लावतो. सिग्नलला काचा वर करतो.

---

शुद्धकल्याण

मला या धाग्याचा मुद्दाच पटलेला नाही. गाणं चांगलं असतं किंवा वाईट असतं. चांगलं असेल तर लाज कसली आणि वाईट असेल तर ऐकता कशाला? 'तू चीज बडी है मस्त मस्त' मला आवडतं आणि मी ते उघड सांगतो, कारण ते भीमपलासमध्ये अतिशय सुरेख

---

खर्जातला_सा (धागाकर्ता)

बाद!

---

जोडराग_नको

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पहिल्याच षटकात विकेट.

---

शुद्धकल्याण

अहो वाक्य तरी पूर्ण करू द्या. चुकून एंटर दाबला गेला. माझं म्हणणं एवढंच की ही उच्चनीच आपणच उभी केली आहे, कलाकारांनी नाही. १९५६ च्या 'बसंत बहार'मध्ये भीमसेन जोशी मन्ना डेंबरोबर जुगलबंदी गायले आणि कथेप्रमाणे चक्क हरले. मन्ना डे बिचारे त्या कल्पनेनेच घाबरले होते म्हणतात. बडे गुलाम अली खाँसाहेब 'मुगल-ए-आझम'ला गायले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया या दोघांनी मिळून 'सिलसिला', 'चांदनी', 'डर'ला संगीत दिलं, आणि 'चांदनी'तली गाणी लग्नाच्या हॉलमध्ये अजून वाजतात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदं तबकडीवर गायली आहेत. ही माणसं कुठे लाजली? लाजतो कोण, तर तिसऱ्या रांगेत उशी घेऊन बसलेला श्रोता.

---

खर्जातला_सा (धागाकर्ता)

मुद्दा मान्य. पण मग तुमचं गाणं कुठलं? रागाशिवाय सांगा.

---

शुद्धकल्याण

विचार करून सांगतो.

---

निषाद_आज्जी

मुलांनो, मी इथे वाचत असते, लिहीत फार नाही, टायपिंगला वेळ लागतो. पण हा विषय बघून राहवलं नाही.

आमचं घर गिरगावातलं, दोन खोल्या आणि सामाईक गॅलरी. आमचे अण्णा गाण्यातले दर्दी, घरी तानपुरा होता, आठवड्याला शिकवायला मास्तर यायचे. रेडिओ होता मर्फीचा, पण त्यावर फक्त आकाशवाणीचं शास्त्रीय लागायचं. बाळकृष्ण केसकर तेव्हा नभोवाणी मंत्री होते, १९५२ ते ६२, आपलेच मराठी गृहस्थ, स्वतः ध्रुपद शिकलेले. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपारच केलं होतं. (आकाशवाणीवरची हार्मोनियमची बंदी मात्र त्यांच्या आधीची, १९४० पासूनची, ती तीसेक वर्षं चालली. पुष्कळजण तीही केसकरांच्या खात्यावर टाकतात म्हणून लिहिलं.) अण्णा केसकरांच्या बाजूचे. म्हणायचे देशात एक तरी मंत्री कानाचा आहे.

पण देश ऐकत होता रेडिओ सिलोन. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला, अमीन सायानी. शेवटी सरकारलाच १९५७ ला विविधभारती काढावी लागली ती काही उगाच नाही.

तर आमचे अण्णा दर बुधवारी आठला चाळीच्या दुसऱ्या टोकाच्या बिऱ्हाडात रमी खेळायला जायचे. आम्ही बहिणी मग घरी आवाज अगदी बारीक करून सिलोन लावायचो, एकीने दारात उभं राहायचं, अण्णांची चप्पल वाजली की बंद. असं कितीतरी वर्षं चाललं. अण्णा गेले त्यानंतर ते शेजारचे काका भेटायला आले आणि रडता रडता म्हणाले, "आता बुधवारी माझ्याबरोबर सरताज गाणं कोण ओळखणार?" माझ्या आईला कळेना. मग म्हणाले, "वहिनी, त्याला रमी कुठे येत होती!"

एकाच चाळीत, एकाच वेळी, दोन टोकांना तेच ऐकत होतो आम्ही. आणि एकमेकांपासून लपवत होतो.

माझं स्वतःचं म्हणाल तर दादा कोंडके. जास्त विचारू नका, नातवंडं हे वाचतात.

---

धा_तिरकिट

आज्जी साष्टांग दंडवत __/\__

मी तबलेवाला, संगतीला जातो, नाव सांगत नाही पण इथल्या निम्म्या लोकांनी मला वाजवताना बघितलंय. आता माझं ऐका. मी कॉलेजात असताना पैशासाठी गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवलं, सहा सीझन, ढोलक आणि नंतर ऑक्टोपॅड. गुरुजींना माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं गणपतीत मी गावाला जातो. आणि खरं सांगू का लयीचं निम्मं शिक्षण माझं तिथे झालं. क्लासमध्ये चुकलो तर गुरुजी रागवायचे, ऑर्केस्ट्रात चुकलो तर पाच हजार लोकांचं नाचणं थांबायचं, फरक समजून घ्या.

दादा कोंडकेंचा विषय निघालाय म्हणून सांगतो, त्यांच्या सिनेमांना संगीत द्यायचे ते राम-लक्ष्मण, ते दोघे होते, 'पांडू हवालदार'पासून, आणि ती जोडीही दादांनीच जमवलेली. पैकी राम लवकर गेले. लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, त्यांनी जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत पुढे लावलं. आणि याच माणसाने पुढे 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' केला. म्हणजे ज्या गाण्यांना घरातले कान धरून उठवायचे ती, आणि ज्या गाण्यांवर तेच घरातले लग्नात हार घालायचे ती, हात एकच. तेच खटकेबाज वाजणं, तीच जागच्या जागी बसणारी चाल. कपडे बदलले फक्त.

माझा कबुलीजबाब: आनंद शिंदे, 'नवीन पोपट'. आणि 'कोंबडी पळाली'. शिवाय वरातीतला बेंजो. कुठूनही बेंजो ऐकू आला की मी गाडी कडेला घेतो. बायको म्हणते रियाजाला इतक्या तन्मयतेने बसला असतात तर आज परदेश दौरे केले असतेत.

---

अर्धमात्रा

मध्येच एक शंका. गिल्टी प्लेजरला मराठीत काय म्हणायचं? 'अपराधी आनंद' म्हटलं की दरोडा घातल्यासारखं वाटतं.

---

जोडराग_नको

चोरटं सुख.

---

निषाद_आज्जी

आमच्याकडे 'एकादशीची भजी' म्हणत. म्हणजे आमच्याच घरात म्हणत.

---

अर्धमात्रा

एकादशीची भजी!!! आज्जी तुम्ही जिंकलात. धाग्याचं नाव बदला राव.

---

डबलबेस_पेडल

शास्त्रीयवाल्यांत घुसतोय, चालेल ना. आम्हा मेटलवाल्यांत पण हाच सोवळेपणा आहे बरं का, तुमच्यापेक्षा जास्तच. आम्ही २००७ ला आयर्न मेडनसाठी पुण्याहून बेंगळुरूला गेलो होतो, जनरल डब्यातून, पॅलेस ग्राउंड्सवर चिखलात उभे, सगळे काळे टीशर्ट, आणि 'खरा मेटल कुठला' यावर येताना गुंटकलपर्यंत भांडण. त्या ग्रुपमध्ये मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की मी पॉप ऐकण्यापेक्षा मिक्सर ऐकेन.

आणि मी काय ऐकतो? बोनी एम. बाबांच्या कॅसेटी होत्या, 'रास्पुटिन', 'डॅडी कूल', लहानपणी रविवारी सकाळी पोह्यांच्या वासाबरोबर तेच. गंमत म्हणजे त्यातला तो नाचणारा बॉबी फॅरेल, तो रेकॉर्डवर गायलेलाच नाही, तो जाडा आवाज निर्माता फ्रँक फारियानचा. म्हणजे मेटलवाल्यांच्या हिशोबाने याहून खोटं काही नाही, सगळंच लटकं. हे मला कळलं त्या दिवशी मी वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला. जमला नाही. परत लावलं.

पकडलो कसा ते सांगतो. औंधला एका मित्राच्या गॅरेजमध्ये आमची प्रॅक्टिस, मी ब्लूटूथ स्पीकरला फोन जोडून एक रिफ ऐकवत होतो, तो संपला आणि फोनने स्वतःच्या अकलेने पुढचं गाणं लावलं. अब्बा. 'डान्सिंग क्वीन'. पाच सेकंद कुणी हललं नाही. मग आमचा व्होकलिस्ट, दाढी इथपर्यंत, गळ्यात कवट्यांची माळ, हळूच म्हणाला "असू दे ना."

---

न्यूजर्सीची_मैना

फोन फार दगाबाज असतात याला प्रचंड अनुमोदन!

आमच्याकडे इथे महिन्याला घरगुती बैठक असते, बेसमेंटमध्ये सतरंज्या टाकून, भारतातून कुणी कलाकार दौऱ्यावर आले की आमच्याकडे उतरतात, मी मसालेभात करते, एकूण मी म्हणजे इथल्या मंडळीत संगीतातलं प्रस्थ. मागच्या वर्षी डिसेंबरात बैठकीआधी मुलाने टीव्हीला स्पॉटिफाय जोडलं, तानपुरा लावायला, आणि टीव्हीवर पन्नास इंची अक्षरात माझा वर्षअखेरचा रॅप्ड. वर्षभरात सर्वात जास्त ऐकलेला कलाकार: अल्ताफ राजा.

सतरंजीवर वीस माणसं. मी मुलाकडे बोट दाखवलं, "हल्लीची मुलं बघा काय ऐकतात." मुलगा तेरा वर्षांचा, इथे जन्मलेला, त्याला 'तुम तो ठहरे परदेसी'मधला एक शब्द समजत नाही. त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. आता दर महिन्याला तो मला त्या एका वाक्याबद्दल काही ना काही मागतो, मागच्या महिन्यात हेडफोन झाले.

पण मला खरंच आवडतं हो ते गाणं. १९९७ ला माझं लग्न ठरलं, नवरा आधीच इकडे, मी डोंबिवलीत व्हिसाची वाट बघत, आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे दिवसभर तेच वाजायचं. परदेसी म्हटलं की मला हसू पण यायचं आणि पोटात गोळा पण यायचा. आता परदेसी मीच झाले. त्यातले शेर धड शेर आहेत का, वृत्तात बसतात का, माहीत नाही, बसत नसावेत. ऐकताना मी डोंबिवलीच्या बाल्कनीत असते एवढं खरं.

---

पेडण्याचो_भाट

गोव्यातून नमस्कार. आमच्याकडची गोष्ट थोडी वेगळी. घर भजनी परंपरेतलं, आजोबा देवळात पखवाज वाजवायचे, गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, त्यामुळे आमच्याकडे जयपूर घराणं म्हणजे जवळपास घरचा देव. केसरबाईंची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानावर चढून अंतराळात गेली ही गोष्ट आमच्याकडे पोरांना बाराखडीआधी सांगतात.

आणि मी तियात्रातली, म्हणजे कोंकणी नाटकांतली, कांतारां (गाणी) ऐकतो. गायिका लॉर्ना पण, ख्रिस पेरीच्या चालींची. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, मध्येच विनोद, राजकारण्यांना शिव्या. आमच्या घरात हे 'तांचें' संगीत होतं, म्हणजे शेजारच्या वाड्यावरचं. वाईट कुणी म्हटलं नाही, पण ऐकायचं नसतं हे न सांगता ठाऊक होतं. सायकलवरून शाळेतून येताना त्या वाड्यावरून जायचं तेव्हा मी मुद्दाम चेन पाडायचो. चेन बसवायला दोन गाणी लागायची.

---

परळचा_पोऱ्या

धागा मजेशीर आहे, हसलोही भरपूर. तरी एक गोष्ट बोलतो, राग मानू नका.

वर आनंद शिंदेंचं नाव 'कबुलीजबाब' म्हणून आलंय. मी बीडीडी चाळीतला, वडील गिरणीत होते. आमच्या घरात प्रल्हाद शिंदे म्हणजे पहाट. 'चल गं सखे पंढरीला' लागल्याशिवाय आजीचा चहा व्हायचा नाही. आनंद शिंदे त्यांचे चिरंजीव. वामनदादा कर्डकांची गाणी, भीमगीतं, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी कॅसेटींचे ढीग, वडील वर्षाचं बजेट तिथे उडवायचे. ते आमच्याकडे कपाटाच्या मागच्या कप्प्यात नव्हतं, देव्हाऱ्याच्या जागी होतं. मी पुढे शास्त्रीय ऐकायला लागलो, आवडतं, सवाईला येतो, तिसऱ्या रांगेत नाही पण येतो. तिथे मला कुणीतरी विचारतं, "घरी कुणी गाणारं होतं का?" मी 'नाही' म्हणायचो. आता 'नाही' म्हणायचो याचीच लाज वाटते, माझं चोरटं सुख असलं तर ते उलट्या दिशेचं आहे. चाळीत अमीर खाँ ऐकायचो तेव्हा आवाज बारीक करायचो, पोरं म्हणायची "हा झोपला वाटतं गाताना."

तर तुम्ही 'पोपट' लपून ऐकलात हे ठीक. पण कुणापासून लपवलंत ते पण लिहा की.

---

धा_तिरकिट

बरोबर पकडलंत. मी लिहिलं तेव्हा विनोद म्हणून लिहिलं, आता परत वाचलं तर बरं नाही वाटलं. लपवलं ते गुरुजींपासून आणि गुरुजींच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून, सदाशिव पेठेतल्या. ऑर्केस्ट्रात माझ्याबरोबर ढोलकी वाजवणारा जो होता त्याच्यापासून कधी काही लपवावं लागलं नाही, उलट मी क्लासला जातो हे त्याच्यापासून लपवायचो, तो चेष्टा करेल म्हणून. आणि त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार होता. तो आज कुठे वाजवतो मला माहीत नाही. मी मात्र 'पंडित' लावायला लागलोय कार्यक्रमपत्रिकेत.

---

परळचा_पोऱ्या

अहो एवढं मनाला लावून घेऊ नका. या एकदा आमच्याकडे १४ एप्रिलला. ढोलकी घेऊन या, पंडित घरी ठेवा :)

---

धा_तिरकिट

येतो. नक्की.

---

शुद्धकल्याण

विचार करून आलो. दोन दिवस लागले.

'आती क्या खंडाला.'

यात राग नाही. मी शोधला. खूप शोधला.

---

जोडराग_नको

आज हा धागा सार्थकी लागला. कुणीतरी पेढे आणा.

---

निषाद_आज्जी

शुद्धकल्याण, ते तर गाणंसुद्धा नाही, बोलणं आहे. पण शाबास.

---

डबलबेस_पेडल

धागाकर्ते गायब आहेत. कुमार सानूवर भागवलंत असं वाटतंय. सानू काय हो, सलग पाच फिल्मफेअर घेतलेला माणूस, तो ऐकणं हा गुन्हा नाही, बहुमत आहे. खरं काय ते काढा बाहेर.

---

खर्जातला_सा (धागाकर्ता)

गायब नाही, वाचत होतो. परळकरांचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'कुणापासून लपवलंत' याचं उत्तर देतो, मग माझं खरं पण त्यातच येईल.

१९९१. मी एकोणीस वर्षांचा. काकांच्या घरी, हो तेच रिक्षातले काका, दर शनिवारी ऐकण्याची बैठक असायची. रेकॉर्ड प्लेअर त्यांचा, चहा काकूंचा, आम्ही पाचसहा पोरं खाली सतरंजीवर. काका तेव्हा पन्नाशीतले आणि प्रचंड धाक. कोण काय ऐकतो यावर त्यांचं बारीक लक्ष. एका मुलाच्या पिशवीत सिनेमाची कॅसेट दिसली तर ते त्याला काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या शनिवारी त्याला "तू आलास होय" म्हणाले. तो परत आला नाही.

तेव्हा लक्ष्मी रोडला एक दुकान होतं, तिथे कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट दिली की हवी ती गाणी भरून मिळायची. मी पॉकेटमनी जमवून एक भरून घेतली. ए बाजूला 'आशिकी', बी बाजूला 'साजन' आणि उरलेल्या जागेत 'दिल है के मानता नहीं'. घरी आल्यावर अगदी सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईने, वर लिहिलं: उ. अमीर खाँ. ए: मारवा. बी: दरबारी. कारण त्यांच्या गाजलेल्या एलपी तबकडीवर तेच दोन राग आहेत, कुणी विचारलं तर हिशोब जुळायला हवा. नव्वद मिनिटांची कॅसेट त्या एलपीच्या मानाने लांब आहे हे कुणाच्या लक्षात येईल ही भीती, तेवढाच काय तो त्रास.

एका शनिवारी ती कॅसेट माझ्या शबनममध्ये राहिली. काकांनी बघितली. म्हणाले, "अरे वा, मारवा. माझी तबकडी खरखरते हल्ली. ठेवून जा, ऐकून देतो."

मी नाही कसं म्हणणार? ठेवली. घरी आलो आणि तापच भरला. पुढच्या शनिवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आईने ढकललं म्हणून गेलो, पाय लटपटत. काकांनी दार उघडलं, "ये", बस्स. त्या दिवशी मल्लिकार्जुन मन्सूरांचं काहीतरी लावलं होतं, मला एक सूर ऐकू आला नाही. कॅसेटचं नाव नाही. नंतरचे सहा महिने नाही. मी मागायची तर सोयच नव्हती.

ती परत मिळाली १९९४ ला, मी नोकरीसाठी मुंबईला निघालो तेव्हा. काकांनी एका पाकिटात घालून दिली. वर माझं अक्षर पुसट झालेलं, म्हणून त्यांनी त्यावरूनच काळ्या शाईने पुन्हा गिरवलं होतं: मारवा, दरबारी. म्हणाले, "छान आहे. बी बाजू जरा झिजली आहे, माफ कर."

आम्ही या विषयावर आजपर्यंत एक अक्षर बोललेलो नाही. मी काल पोटमाळ्यावरून ती कॅसेट काढली. डेक बंद आहे, पण पेन्सिलने फिरवून बघितली, टेप अजून शाबूत आहे.

---

न्यूजर्सीची_मैना

अरे देवा!!! काळ्या शाईने गिरवलं?? मी ऑफिसात हसून रडतेय, लोक बघतायत.

---

शुद्धकल्याण

दरबारी म्हणजे 'साजन'. आता मला दरबारी नीट ऐकता येणार नाही. धन्यवाद.

---

परळचा_पोऱ्या

काकांना माझा नमस्कार सांगा. आणि डेक माझ्याकडे आहे, वडिलांचा, चालू आहे, हेडसुद्धा मागच्याच महिन्यात साफ केलाय. पुण्याला येतो घेऊन, एखाद्या शनिवारी.

---

निषाद_आज्जी

काका हा धागा वाचतात का?

---

खर्जातला_सा (धागाकर्ता)

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आहे दुपारी. दोन निळ्या टिका आल्यात.

अजून काही उत्तर नाही. 'टायपिंग' असं दोनदा येऊन गेलं.